विद्यापीठाचे शिल्पकार फ्रेडरिक टर्मन

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्यात पालो आल्टो नावाचे गाव आहे. त्या गावाला लागूनच स्टॅनफर्ड विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर पसरलेला आहे. लेलंड स्टॅनफर्ड ह्या धनिक गृहस्थांचा एकुलता एक मुलगा ऐन किशोरवयात विषमज्वराने दगावला. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी व त्यांच्या पत्नीने १८८५ मध्ये हे विद्यापीठ स्थापन केले आणि आपली आठ हजार एकरांहून अधिक जमीन त्याला दान दिली. मात्र ही जमीन कधीही विकू नये, अशी अट त्यांनी दानपत्रात घातली. त्यामुळे विद्यापीठाजवळ जमीन उदंड, पण पैसा मात्र बेताचा, अशी स्थिती पुढे अनेक वर्षे राहिली. भोवतालच्या खोऱ्यात जर्दाळूच्या आणि आलुबुखाराच्या बागा पसरलेल्या होत्या. मोठे कारखाने, नामांकित प्रयोगशाळा आणि जुनी विद्यापीठे ही सारी हजारो मैल दूर, पूर्व किनाऱ्याकडे होती. अशा ह्या एकाकी विद्यापीठातील अभियांत्रिकीच्या शाखेला जगात पहिल्या पंक्तीत नेऊन बसविण्याचे श्रेय प्रामुख्याने ज्यांच्याकडे जाते, ते गृहस्थ म्हणजे फ्रेडरिक टर्मन.

फ्रेडरिकचा जन्म ७ जून १९०० रोजी इंडियाना राज्यातील इंग्लिश नावाच्या लहानशा गावी झाला. त्याचे वडील लुईस टर्मन हे मानसशास्त्रज्ञ होते. मुलांची बुद्धी मोजण्याच्या चाचण्यांमुळे त्यांचे नाव पुढे सर्वत्र झाले. त्यांना क्षयाचा विकार असल्यामुळे उबदार हवेच्या शोधात ते कॅलिफोर्नियात आले आणि १९१० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापक झाले. मुलांना फार लवकर शाळेत अडकवू नये, अशा मताचे ते असल्याने फ्रेडरिक शाळेत उशिराच गेला. पण एकदा गेल्यावर बरोबरीच्या मुलांना गाठायला त्याला वेळ लागला नाही.

तो काळ बिनतारी संदेशांच्या नवलाईचा होता. पालो आल्टो येथे ह्या विद्येचा एक कारखानाही होता. रेडिओच्या यंत्रात ज्या निर्वात नळ्या असत, त्यांना लोक व्हॉल्व्ह म्हणत. ह्या व्हॉल्व्हवर त्या कारखान्यात प्रयोग चालत. फ्रेडरिक आणि त्याचे सोबती घरच्या घरी बिनतारी यंत्रे तयार करीत आणि दूरवरून येणारे सांकेतिक आवाज कान देऊन ऐकत. त्या छंदाने मुलाच्या मनात जे बीज पेरले, त्याचा पुढे वृक्ष झाला.

१९२० मध्ये टर्मन ह्यांनी स्टॅनफर्डमधून रसायनशास्त्राची पदवी घेतली. नंतर ते विद्युत अभियांत्रिकीकडे वळले. उच्च शिक्षणासाठी ते पूर्व किनाऱ्यावरील प्रख्यात मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत गेले. तेथे व्हॅनेव्हर बुश ह्या थोर अभियंत्याच्या हाताखाली अभ्यास करून १९२४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्याच संस्थेत अध्यापकाची जागाही त्यांना देऊ करण्यात आली. नोकरीवर रुजू होण्यापूर्वी आईवडिलांना भेटावे, म्हणून ते उन्हाळ्यात घरी आले आणि क्षयाने त्यांना गाठले.

त्या काळी क्षयावर गुणकारी औषध नव्हते. संपूर्ण विश्रांती हाच एक उपाय असे. सुमारे एक वर्ष टर्मन अंथरुणाला खिळून होते. छातीची हालचाल कमी व्हावी, म्हणून त्यांच्या छातीवर वाळूच्या पिशव्या ठेवीत. चोवीस वर्षांच्या बुद्धिमान तरुणाने दिवसेंदिवस निश्चल पडून राहावे, ह्याहून कठीण शिक्षा कोणती? ते वाचतील की नाही, ह्याचीच घरच्यांना चिंता होती. तरीही अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी वाचन सोडले नाही. हळूहळू प्रकृती सुधारली. पण पूर्वेकडील कडाक्याची थंडी त्यांना मानवणारी नव्हती. तिकडची नोकरी त्यांना सोडावी लागली. १९२५ मध्ये ते स्टॅनफर्डमध्ये अर्धवेळ शिकवू लागले. नाइलाजाने पत्करलेली हीच जागा त्यांची कर्मभूमी ठरली.

विद्युत अभियांत्रिकी म्हणजे त्या काळी मुख्यतः वीजनिर्मिती आणि विजेच्या तारा. रेडिओ हा विषय नवा होता. टर्मन ह्यांनी त्यालाच वाहून घेतले. १९३२ मध्ये रेडिओ अभियांत्रिकीवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पुढे अनेक वर्षे ते विद्यार्थ्यांच्या हाती राहिले. त्यांची प्रयोगशाळा मात्र एका जुन्या इमारतीच्या माळ्यावर होती. पावसाळ्यात छप्पर गळे. पाणी साठविण्यासाठी डांबरी कागद लावलेली लाकडी तबके ठेवावी लागत. एका खोडकर विद्यार्थ्याने त्या तबकांत सोनेरी मासे आणून सोडले होते, असे सांगतात. विल्यम ह्यूलेट हे त्या विद्यार्थ्याचे नाव.

टर्मन आपल्या विद्यार्थ्यांवर बारीक लक्ष ठेवीत. कोणाला कशाची आवड आहे, कोणाला गणितात किती गती आहे, हे त्यांना नेमके ठाऊक असे. विद्यार्थ्यांना घेऊन ते आसपासच्या लहानमोठ्या प्रयोगशाळा पाहावयास जात. स्वतःच्या कल्पनेवर उद्योग उभारणारी माणसे मुलांनी प्रत्यक्ष पाहावीत, हा त्यांचा हेतू असे. कारण एक दुःख त्यांच्या मनाला सतत सलत असे. आपण कष्टाने तयार केलेले उत्तम विद्यार्थी पदवी हाती पडताच पूर्वेकडील कारखान्यांत निघून जातात. इकडे त्यांना काम नाही. आणि चांगली माणसे इकडे राहत नाहीत, म्हणून इकडे काम उभे राहत नाही. हे दुष्टचक्र कोठेतरी तोडलेच पाहिजे, असे त्यांनी ठरविले.

डेव्हिड पॅकार्ड हा त्यांचा दुसरा हुशार विद्यार्थी. पदवीनंतर तोही पूर्वेकडील एका मोठ्या विद्युत कंपनीत नोकरीस गेला होता. १९३८ मध्ये टर्मन ह्यांनी शिष्यवृत्तीची तजवीज करून त्याला परत बोलाविले. ह्यूलेट आणि पॅकार्ड ह्या दोघा मित्रांनी पालो आल्टो येथील एका घराच्या गॅरेजात काम सुरू केले. १९३९ च्या आरंभी त्यांनी रीतसर भागीदारी केली, तेव्हा त्यांचे भांडवल अवघे ५३८ डॉलर होते. ध्वनीच्या लहरींइतक्या कंपनसंख्येची वीज निर्माण करणारे एक यंत्र ह्यूलेट ह्याने टर्मन ह्यांच्या प्रयोगशाळेत तयार केले होते. यंत्रातील कंपने स्थिर राहावीत, म्हणून त्याने त्यात विजेचा एक साधा लहानसा दिवा बसविला. दिव्यातील तार तापली की विजेला तिचा विरोध वाढतो आणि कंपनांचा जोर आपोआप आवरला जातो. ह्या सोप्या युक्तीमुळे यंत्र स्वस्तात तयार होऊ लागले. चित्रपट काढणाऱ्या वॉल्ट डिस्ने ह्यांच्या कंपनीने अशी आठ यंत्रे विकत घेतली. पुढे जगभर पसरलेल्या ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा आरंभ असा झाला.

इतक्यात दुसरे महायुद्ध पेटले. १९४२ मध्ये टर्मन ह्यांना हार्वर्ड विद्यापीठातील एका गुप्त प्रयोगशाळेचे प्रमुख नेमण्यात आले. शत्रूचे रडार निकामी करण्याचे उपाय शोधणे, हे तिचे काम. विमानातून धातूच्या पातळ पट्ट्यांचा वर्षाव केला की रडारला खरे विमान आणि पट्ट्या ह्यांतील फरक कळेनासा होतो. अशा साधनांवर तेथे आठशेहून अधिक माणसे काम करीत होती. एवढा मोठा व्याप सांभाळताना टर्मन ह्यांना दोन गोष्टी उमगल्या. युद्ध संपल्यावर सरकार विद्यापीठांतील संशोधनावर मोठा खर्च करणार, ही पहिली. ज्या विद्यापीठाजवळ नामांकित माणसे असतील, त्याच्याचकडे हे काम जाणार, ही दुसरी. आपले स्टॅनफर्ड त्यात मागे राहता कामा नये, हा ध्यास घेऊन १९४६ मध्ये ते परतले आणि अभियांत्रिकी शाखेचे अधिष्ठाता झाले.

उंच उडीचा दाखला देऊन ते आपला विचार समजावीत. सहा फूट उडी मारणारे अनेक खेळाडू जमविण्यापेक्षा सात फूट उडी मारणारा एकच खेळाडू मिळविला, तर सामना जिंकता येतो. म्हणून त्यांनी सगळ्याच विषयांत थोडे थोडे करण्याचा मोह टाळला. मोजके विषय निवडून त्यांत सर्वोत्तम तरुण प्राध्यापक आणावयाचे आणि त्यांच्याभोवती विद्यार्थी जमू द्यावयाचे, असा त्यांचा क्रम होता. पैशाची अडचण त्यांनी चातुर्याने सोडविली. प्राध्यापकाचा निम्मा पगार विद्यापीठ देई आणि निम्मा संशोधनाच्या अनुदानातून मिळे. त्यामुळे एकाच्या खर्चात दोघे नेमता येत. ते प्राध्यापक अर्धा वेळ शिकवीत व अर्धा वेळ संशोधन करीत.

न विकता येणारी जमीनही त्यांनी उपयोगात आणली. १९५१ पासून विद्यापीठाने आपल्या जमिनीचा काही भाग उद्योगांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यास आरंभ केला. प्रगत शास्त्रावर चालणाऱ्या कंपन्यांनी विद्यापीठाच्या शेजारी यावे, म्हणून टर्मन ह्यांनी पराकाष्ठेचे प्रयत्न केले. पहिली भाडेकरू व्हॅरियन ही कंपनी. तिचे संस्थापक पूर्वी स्टॅनफर्डच्याच प्रयोगशाळेत काम केलेले. मागोमाग ह्यूलेट-पॅकार्डही आली. १९५४ मध्ये आणखी एक योजना सुरू झाली. ह्या कंपन्यांतील अभियंत्यांनी नोकरी सांभाळून विद्यापीठाच्या वर्गांना बसावे आणि त्यांच्या कंपनीने नेहमीच्या शुल्काच्या दुप्पट रक्कम विद्यापीठास द्यावी, अशी ती योजना होती. आता विद्यार्थ्यांना दूर जाण्याचे कारण उरले नाही. दुष्टचक्र तुटले होते.

१९५५ मध्ये टर्मन विद्यापीठाचे प्रोव्होस्ट, म्हणजे साऱ्या शैक्षणिक कारभाराचे प्रमुख झाले. त्यांचे स्वतःचे सारे ग्रंथ निर्वात नळ्यांच्या काळातले. परंतु त्या नळ्यांची जागा आता इवलासा ट्रान्झिस्टर घेणार, हे त्यांनी ओळखले आणि त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेतील जॉन लिनव्हिल ह्यांना ह्या विषयासाठी बोलावून घेतले. ज्या विद्येत आपण हयात घालविली, ती मागे पडताना पाहूनही नव्या विद्येला मानाने आसन देणे, हे थोर मनाचे लक्षण आहे.

संगणकाच्या बाबतीतही असेच घडले. संगणक म्हणजे केवळ हिशेबाचे वेगवान यंत्र, त्याचे स्वतंत्र शास्त्र कसले, असे अनेक विद्वानांना वाटत असे. टर्मन ह्यांचे सहकारी अल्बर्ट बोकर ह्यांच्या पुढाकाराने १९५७ मध्ये जॉर्ज फोर्साइथ हे गणितज्ञ स्टॅनफर्डमध्ये आले. त्यांच्या प्रयत्नांनी १९६१ मध्ये गणित विभागात संगणकशास्त्राची शाखा निघाली. पुढच्या वर्षी कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक आद्य संशोधक जॉन मॅकार्थी तेथे दाखल झाले. टर्मन निवृत्त झाले त्याच वर्षी, म्हणजे १९६५ मध्ये, संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. १९८५ मध्ये हा विभाग अभियांत्रिकी शाखेत सामील करण्यात आला.

टर्मन ह्यांच्या पद्धतीवर टीकाही झाली. बाहेरून अनुदान न मिळविणाऱ्या विषयांकडे ते दुर्लक्ष करतात, विद्यापीठ लष्कराच्या पैशावर फार अवलंबून राहते, असे आक्षेप घेतले गेले. ते आक्षेप अगदीच निराधार नव्हते. पण टर्मन ह्यांच्या निष्ठेविषयी मात्र कोणाला शंका नव्हती. सुट्टीचा दिवस म्हणजे काय, हे जणू त्यांना ठाऊकच नव्हते.

निवृत्तीनंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. दक्षिण कोरियातील बुद्धिमान तरुण परदेशी शिकावयास जात आणि पुष्कळदा तिकडेच राहत. हे दुःख टर्मन ह्यांच्या ओळखीचे होते. १९७० मध्ये एका समितीचे प्रमुख म्हणून ते तेथे गेले आणि देशातच उच्च विज्ञानसंस्था कशी उभारावी, ह्याचा अहवाल त्यांनी दिला. १९७१ मध्ये ती संस्था स्थापन झाली. आज काइस्ट ह्या नावाने ती प्रसिद्ध आहे.

१९७७ मध्ये ह्यूलेट आणि पॅकार्ड ह्यांच्या देणगीतून स्टॅनफर्डमध्ये अभियांत्रिकीची नवी इमारत उभी राहिली. ह्या कृतज्ञ शिष्यांनी तिला आपल्या गुरूचे नाव दिले. १९ डिसेंबर १९८२ रोजी टर्मन ह्यांचे निधन झाले.

पुढे काळाच्या ओघात ती इमारतही पाडण्यात आली. फळबागांचे ते खोरे आता सिलिकॉन व्हॅली म्हणून ओळखले जाते. स्टॅनफर्डमध्ये जगाच्या कानाकोपऱ्यातून विद्यार्थी येतात, आणि शिकून झाल्यावर त्यांतील कित्येक जण तेथेच नवे उद्योग उभारतात. विद्यापीठ विटांनी बांधले जात नाही, ते माणसांनी बांधले जाते, हे गळक्या माळ्यावर शिकविणाऱ्या ह्या शिक्षकाने आपल्या आयुष्याने सिद्ध केले.