वत्सगुल्मचा सम्राट हरिषेण

वाचकहो, रोमी साम्राज्याचे नाव आपल्या घरांना परके नाही. दिव्य कुरआनात ‘रूम’ नावाची एक संपूर्ण सूरह आहे. इराण्यांकडून पराभूत झालेले रोमी थोड्याच वर्षांत पुन्हा विजयी होतील, ही वार्ता तिच्या आरंभीच आलेली आहे. कैसर आणि किस्रा ही नावे आपली मुले मक्तबात लहानपणीच ऐकतात. मात्र सूरहमध्ये ज्या रोम्यांचा उल्लेख आहे ते पूर्वेकडचे, कॉन्स्टँटिनोपलचे रोमी होत. पश्चिमेकडचे मूळ रोम त्याच्या दीडएक शतक आधीच कोसळले होते. इ.स. 410 मध्ये गॉथांनी आणि 455 मध्ये व्हँडलांनी ते शहर लुटले. 476 मध्ये ओडोएसर नावाच्या सेनानीने रोम्युलस ऑगस्टुलस या कोवळ्या वयाच्या सम्राटाला पदच्युत केले आणि पश्चिमेतील रोमी सत्तेचा इतिहास तेथे संपला.

नेमक्या त्याच काळात आपले वाशिम एका साम्राज्याची राजधानी होते. तेव्हा त्याचे नाव वत्सगुल्म. तेथे वाकाटक घराण्यातील राजा हरिषेण राज्य करीत होता आणि दख्खनेत त्याच्या तोडीचा दुसरा राजा नव्हता.

दीनी शिक्षणाच्या मासिकात अशा राजाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी कुणाच्या मनात येईल. त्याचा धर्म आपला नव्हता, हे खरे. परंतु पृथ्वीवर फिरून आपल्या आधीच्या लोकांचा शेवट पाहा, असे कुरआन एकदा नव्हे, अनेकदा सांगतो. आद आणि समूद यांच्या ओसाड वस्त्या पाहण्यासाठी अरबस्तान गाठावे लागते. वाशिम, रिसोड, मालेगावच्या माणसाला इतके दूर जाण्याचे कारण नाही. ज्या मातीत आपण पेरणी करतो आणि ज्या मातीत आपले वाडवडील दफन आहेत, तिचा इतिहास आपलाही आहे.

वाकाटकांचा मूळ पुरुष विंध्यशक्ती. त्याचा मुलगा पहिला प्रवरसेन याने चार अश्वमेध केले आणि सम्राट ही पदवी धारण केली. त्याच्यामागे राज्याची वाटणी झाली. थोरली शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनला राहिली. तिने उत्तरेतील बलाढ्य गुप्तांशी सोयरीक केली आणि दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता तेथे सून म्हणून आली. प्रवरसेनाचा दुसरा मुलगा सर्वसेन याने वत्सगुल्मला आपली गादी स्थापिली. सर्वसेन कवीही होता. त्याने ‘हरिविजय’ नावाचे काव्य प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या बोलीत, रचले. विदर्भातील रसाळ काव्यशैलीला पुढे वच्छोमी हे नाव मिळाले आणि ते वत्सगुल्मवरूनच आले आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला या गोष्टीचे अगत्य थोडे अधिक वाटते, ते वाचकांनी समजून घ्यावे.

सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती. त्याच्या राजवटीच्या सदतिसाव्या वर्षाचा ताम्रपट 1939 मध्ये वाशिमलाच उजेडात आला. ब्राह्मणांना एक गाव दान दिल्याची ती सनद आहे. वाकाटकांच्या अशा सनदांत दान दिलेल्या गावाला कोणकोणत्या जाचातून सूट आहे, याची यादी असते. गावात राजाच्या शिपायांनी शिरू नये. फुले आणि दूध यांची मागणी करू नये. अधिकारी मुक्कामाला आले तर त्यांच्या बैठकीसाठी कातडी आणि शेगडीसाठी कोळसा गावाने पुरवावा, अशी सक्ती नसावी. मिठाच्या खाणीवर राजाचा हक्क सांगू नये. ही यादी उलटी वाचून पाहा. ज्या गावांना सूट नव्हती, त्या गावांतील कुणब्यांच्या दारात शिपाई येत होते, त्यांच्या गाईचे दूध जात होते आणि त्यांच्या घरातील कोळसा दुसऱ्याच्या शेगडीत जळत होता. साम्राज्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हत्ती आणि छत्रचामरे येतात. ताम्रपटाच्या त्या ओळी आपल्याला साम्राज्याची दुसरी बाजू दाखवतात.

पुढे या घराण्यात एक राजा अवघ्या आठव्या वर्षी गादीवर बसला आणि त्याने राज्य चांगले चालवले, असे अजिंठ्याचा शिलालेख सांगतो. त्याचे नाव दगडावरून झिजून गेले आहे. आठ वर्षांच्या पोराने राज्य चालवले याचा अर्थ त्याला कुणीतरी बोट धरून शिकवले असणार. हे ध्यानात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

त्या बालराजाचा मुलगा देवसेन, आणि देवसेनाचा मुलगा आपला चरित्रनायक हरिषेण. देवसेनाचे चित्र शिलालेखात फार मोकळेपणाने काढले आहे. हस्तिभोज नावाचा कर्तबगार मंत्री लाभल्यामुळे राजाने कारभार त्याच्यावर सोपवला आणि स्वतः सुखोपभोगात रमला, असे त्यात म्हटले आहे. लिहवून घेणारा हस्तिभोजाचाच मुलगा होता, त्यामुळे वडिलांचा मोठेपणा थोडा वाढवून सांगितला असेल. तरीही देवसेनाचा काळ रिकामा गेला नाही. वाशिमजवळ हिस्से-बोराळा येथे शके 380 चा, म्हणजे इ.स. 457-58 चा शिलालेख मिळाला आहे. देवसेनाच्या राज्यात सुदर्शन नावाचा तलाव बांधला गेला, अशी नोंद त्यात आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या भागाला त्या नोंदीचे मोल वेगळे सांगायला नको.

त्यानंतर काही वर्षांतच हरिषेण गादीवर आला. काळ त्याला अनुकूल होता. हूण म्हणवल्या जाणाऱ्या टोळ्यांनी त्या शतकात जुन्या जगाची घडी विस्कटून टाकली होती. युरोपात अटिलाने रोम्यांना हैराण केले. इराणचा बादशाह पेरोज 484 मध्ये हूणांशी लढतानाच मारला गेला. इकडे उत्तर हिंदुस्थानात गुप्त सम्राट स्कंदगुप्ताने हूणांना परतवले खरे, पण त्या झुंजीत गुप्तांची सत्ता खिळखिळी झाली. नर्मदेच्या दक्षिणेकडे लक्ष देण्याचे बळ त्यांच्यात उरले नाही. हरिषेणाने ही संधी ओळखली. धुळे जिल्ह्यात तापीकाठी थाळनेरला त्याचा ताम्रपट मिळाला आहे, तो राजवटीच्या तिसऱ्याच वर्षाचा. नंदिवर्धनच्या थोरल्या शाखेचा शेवटचा ज्ञात राजा दुसरा पृथ्वीषेण. त्याच्यामागे तेही राज्य हरिषेणाकडे आले, असे इतिहासकार मानतात. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी भावाभावांत वाटलेले राज्य अशा रीतीने पुन्हा एका हाती आले.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखात हरिषेणाच्या संबंधाने सात देशांची नावे कोरली आहेत. दक्षिणेचा कुंतल, माळव्यातील अवंती, पूर्व किनाऱ्यावरील कलिंग, छत्तीसगडकडील कोसल, नाशिक-कोकणाकडील त्रिकूट, दक्षिण गुजरातचा लाट आणि आंध्र. म्हणजे पश्चिमेच्या समुद्रापासून पूर्वेच्या समुद्रापर्यंत. यात एक अडचण मात्र आहे. शिलालेख नेमका त्या ठिकाणी फुटला आहे. सात देशांची नावे उरली आणि हरिषेणाने त्यांचे काय केले हे सांगणारे क्रियापद गेले. जिंकले, खंडणी घेतली, की नुसता धाक बसवला? हे सारे देश त्याच्या थेट अमलाखाली होते, असे मानणे मला धाडसाचे वाटते. त्यांतील काही राजे आपापल्या गादीवर राहून त्याला मानत असावेत, हेच अधिक संभवते. त्याच्या पश्चात जे घडले त्यावरूनही तसेच दिसते.

वडिलांप्रमाणे हरिषेणालाही चांगला मंत्री लाभला. हस्तिभोजाचा मुलगा वराहदेव हा त्याचा सचिव. उदारपणा, क्षमाशीलता आणि न्यायाचा कारभार यांमुळे तो प्रजेला प्रिय होता, अशी त्याची कीर्ती कोरलेली आहे. सोळावे लेणे त्यानेच बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी खोदवून दिले. शेजारचे सतरावे लेणे हरिषेणाच्या एका मांडलिक राजाचे. धाकट्या भावाच्या मृत्यूने तो खचला आणि दानधर्माकडे वळला. राजे वैदिक यज्ञांचे अभिमानी आणि मंत्री-मांडलिक बुद्धाचे उपासक असा प्रकार त्या दरबारात होता, आणि राजाने त्यांना अडवले नाही. अजिंठ्याच्या भिंतींवरील विषय आपल्या श्रद्धेचे नाहीत. परंतु जे पाहिले त्याची साक्ष न्यायाने द्यावी, ही शिकवण आपलीच आहे. त्या कारागिरांनी अंधाऱ्या डोंगरात ज्या चिकाटीने काम केले, त्याला जगात जोड सापडणे कठीण. पहिल्या लेण्याच्या छतावर इराणी पेहरावातील माणसेही रंगवलेली दिसतात. दूरच्या देशांची ये-जा तेव्हा या मुलखात होती, हे त्यावरून कळते.

आणि मग हे सारे थांबले. अजिंठ्याला गेलात तर चोविसावे लेणे अवश्य पाहा. तेथील मोठ्या लेण्यांपैकी एक व्हावे अशी त्याची आखणी होती, पण ते अर्धवट राहिले आहे. दगडातून खांब पुरते सुटलेलेच नाहीत. हरिषेणाच्या मृत्यूनंतर पैसा आटला, अश्मक आणि इतर मांडलिक स्वतंत्र झाले, कारागीर पांगले, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. सात देशांवर दरारा असलेले राज्य थोड्याच वर्षांत नाहीसे झाले. सहाव्या शतकात या मुलखावर माहिष्मतीच्या कलचुरींचा अंमल बसला.

हे कसे झाले असावे? दंडी नावाचा संस्कृत लेखक होऊन गेला. त्याच्या ‘दशकुमारचरिता’त विदर्भाच्या एका राजपुत्राची कथा आहे. वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांना त्या कथेत वाकाटकांच्या ऱ्हासाची छाया दिसते. कथा ती कथाच, तिला इतिहासाचा दाखला म्हणता येणार नाही. पण ती ऐका. पुण्यवर्मा नावाचा सद्गुणी राजा मरण पावतो. त्याचा मुलगा अनंतवर्मा बुद्धिमान आहे, अनेक कलांत निपुण आहे, फक्त राज्यकारभार शिकण्याचा त्याला कंटाळा आहे. वृद्ध मंत्री वसुरक्षित त्याला बाजूला घेऊन समजावतो. राजाचे मन क्षणभर वळते. पण विहारभद्र नावाचा तोंडपुजा दरबारी त्या उपदेशाची अशी काही थट्टा करतो की दरबार हसतो, राजाही हसतो, आणि म्हातारा मंत्री मागे सरतो. मग शेजारच्या अश्मक देशाचा राजा आपला एक हस्तक मित्राच्या वेषात धाडतो. तो शिकार, जुगार, मद्य आणि स्त्रिया यांचे एकेक गुण वर्णन करून सांगतो. कारभार सडतो. अश्मकाच्या चिथावणीने वनवासीचा राजा चालून येतो, मांडलिक ऐन लढाईत दगा देतात, आणि राणी आपल्या लहान मुलांना घेऊन रानोमाळ पळते.

वाचकहो, शत्रू बाहेरून आला तो सर्वांत शेवटी. घर त्याआधीच आतून पोखरले गेले होते. राखणदारीची हदीस आपण सारे जाणतो. राजाला त्याच्या प्रजेबद्दल आणि बापाला त्याच्या घरादाराबद्दल जाब द्यावा लागणार आहे. हरिषेणाने आपल्या मुलाला काय शिकवले? त्याच घराण्यात आठ वर्षांच्या पोराला घडवणारे लोक एके काळी होते. सात देशांच्या मोहिमांत गुंतलेल्या बापाला आपल्या मुलाच्या शेजारी कोण बसतो, कोण त्याला हसवतो, हे पाहायला किती वेळ मिळाला असेल? आपल्यापैकी कामासाठी पुण्या-मुंबईला किंवा आखाती देशांत राहणाऱ्या बापांना हा प्रश्न कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

वत्सगुल्म पुढे बाशीम झाले. अकबराच्या काळात ते वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते, आणि 1998 पासून ते जिल्ह्याचे गाव आहे. रोमच्या त्या शेवटच्या कोवळ्या सम्राटाला ओडोएसरने ठार मारले नाही. वर्षासन बांधून देऊन त्याने त्याला कँपानियात राहायला पाठवले. रोम्युलस ऑगस्टुलस हे त्याचे नाव आजही शाळेच्या पुस्तकांत आहे. हरिषेणाच्या गादीवर त्याच्यामागे जो बसला, त्याचे नाव मात्र आजवर सापडलेल्या एकाही शिलालेखात वा ताम्रपटात नाही.