तीन खिंडींनी परत पाठवलं, चौथीतून शॅकल्टन पार झाला

१८७४ साली आयर्लंडमध्ये जन्मलेल्या अर्नेस्ट शॅकल्टनचं ‘एंड्युरन्स’ जहाज १९१५ मध्ये अंटार्क्टिकाच्या बर्फानं चिरडलं. एलिफंट बेटावर २२ माणसं ठेवून तो मदतीसाठी छोट्या बोटीतून साउथ जॉर्जियाला पोचला, पण नेमका चुकीच्या किनाऱ्यावर! व्हेल शिकाऱ्यांची वस्ती डोंगरापलीकडे.

मे १९१६. सोबत वर्स्ली आणि क्रीन. नकाशा नाही. बुटांना बोटीचे स्क्रू, हातात सुताराचा वाकस. बर्फात पायऱ्या खोदत तीन खिंडी गाठल्या, तिन्हींतून उतरायला वाटच नाही. चौथीत अंधार पडू लागला. थांबलं तर गारठून मरण. शेवटी तिघं दोरीच्या वेटोळ्यांवर बसले आणि एकमेकांना धरून खाली घसरले. तळ दिसत नसताना!

३६ तासांत वस्ती गाठली. ऑगस्टमध्ये २२ही जण जिवंत सुटले. १९२२ मध्ये, ४७व्या वर्षी शॅकल्टन गेला. कबर त्याच बेटावर आहे.