पहिल्या महिन्याची कमाई चार डॉलर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. जेवणाची सुट्टी झाली, माग थांबले. सगळे डबे उघडतात. एखादा मात्र आधी कोपऱ्यात जातो, पाठ फिरवून पोटाला इन्सुलिनची सुई टोचतो आणि मगच शेंगाचटणी-भाकरीकडे वळतो. ही सुई ज्याच्यामुळे मिळाली, त्या डॉक्टरचा दवाखानाच चालत नव्हता!

फ्रेडरिक बँटिंग. जन्म १४ नोव्हेंबर १८९१, कॅनडातल्या एका शेतकऱ्याच्या घरात. पहिल्या महायुद्धात सैन्यात डॉक्टर होता, जखमी झाला, शौर्यपदक मिळालं. १९२० मध्ये कॅनडातल्याच लंडन नावाच्या शहरात दवाखाना थाटला. पेशंटच फिरकेना. पहिल्या महिन्याची कमाई फक्त चार डॉलर. मग पोटापाण्यासाठी कॉलेजात शिकवायला लागला.

त्याच तयारीत ऑक्टोबरअखेरच्या एका रात्री त्याला झोप लागेना. डोक्यात स्वादुपिंड घोळत होतं. जठरामागची ही ग्रंथी पाचकरस तर बनवतेच, पण थेट रक्तात एक हार्मोनही सोडते. ते हार्मोन पेशींना रक्तातली साखर आत घ्यायला लावतं. ते नसेल तर रक्तात साखर तुडुंब आणि पेशी उपाशी. तेव्हा असा मधुमेह झालेली मुलं फार जगत नसत. उपाय काय, तर जेवण तोडायचं.

हे हार्मोन वेगळं काढायची युक्ती त्याने रात्रीच वहीत टिपली आणि टोरांटो विद्यापीठ गाठलं. प्रा. मॅक्लिऑड यांनी प्रयोगशाळा दिली, चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी जोडीला दिला. १९२१ चा उन्हाळा कुत्र्यांवरच्या प्रयोगांत गेला. खरं तर ती मूळ युक्ती पुढे गरजेचीही उरली नाही, पण गडी मागे हटला नाही.

जानेवारी १९२२. चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं आणि ते फसलं. अर्क शुद्ध नव्हता. कॉलिप या सहकाऱ्याने तो शुद्ध केला, बारा दिवसांनी पुन्हा टोचला आणि साखर उतरली. पोरगा आणखी तेरा वर्षं जगला.

बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पेटंट विद्यापीठाला दिलं, प्रत्येकी एका डॉलरला! १९२३ मध्ये बँटिंग आणि मॅक्लिऑडना नोबेल मिळालं. बँटिंग तेव्हा ३१ वर्षांचा. बेस्टचं नाव नव्हतं, म्हणून त्याने आपली निम्मी रक्कम बेस्टला दिली. १९४१ मध्ये विमान अपघातात तो गेला. त्याचा वाढदिवस आता जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळतात.

म्हणून मित्रा, सुई घेताना पाठ फिरवू नकोस. आणि शेजारच्यांनो, तो टोचून येईपर्यंत डबा उघडायचं जरा थांबा. जेवण सोबतच होऊ द्या.