नावांच्या वहीचा राखणदार

थोरांची चरित्रे म्हटली की लढाया, तुरुंगवास, सभा गाजवणे हे ओघाने आलेच, अशी माझी समजूत होती. जॉन पोस्टेल यांचे चरित्र वाचले आणि ती गळून पडली. या गृहस्थांनी जन्मभर एक वही सांभाळली.

त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियात झाला. १९६९ साली अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर संगणकांचे पहिले जाळे उभे राहिले, तेव्हा ते लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकत होते. जाळ्यातील क्रमांकांची नोंद ठेवण्याचे कंटाळवाणे काम त्यांनी पत्करले. १९८३ साली क्रमांकांच्या जोडीला नावे आली. देश कोणाला म्हणावे, हा वाद त्यांनी अंगावर घेतला नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची यादीच प्रमाण मानली. तिच्यातील दोन अक्षरे घेऊन १९८९ साली भारताचेही नाव नोंदले गेले.

पण वही कोणाची? आपल्याकडे गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या हाती असे, हुकमत मात्र सरकारची. पोस्टेल यांचेही तसेच होते. काम सरकारी कंत्राटाचे, विश्वास अभियंत्यांचा. १९९५ पासून नावांवर शुल्क बसले आणि ओढाताण वाढली.

२८ जानेवारी १९९८ रोजी त्यांनी तेरांपैकी आठ मूळ संगणकांच्या चालकांना कळवले, की नावांची यादी सरकारी कंत्राटदाराऐवजी आपल्याकडून घ्यावी. आठांनीही ऐकले! जगाला त्याचा पत्ताही लागला नाही. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी मात्र समज दिली. ही केवळ चाचणी होती, असे सांगून पोस्टेल यांनी सारे पूर्ववत केले.

त्याच वर्षी या कामासाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. तिचा कारभार पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, पंचावन्नाव्या वर्षी ते गेले. अमेरिकी सरकारची देखरेख १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपली.

त्यांचे ते धाडस मला आधी फार आवडले होते. आता वाटते, एका सज्जनाच्या शब्दावर जे हलते, ते उद्या एखाद्या दुर्जनाच्या शब्दावरही हलेल. आणि एकाच सरकारच्या मुठीत ते सुरक्षित असते, असे तरी कसे म्हणावे? वही अनेकांच्या डोळ्यांदेखत लिहिली जावी, हेच बरे. पण ती कशी लिहावी, याचा धडा मात्र पोस्टेल यांच्याकडूनच घ्यावा.