डॉ. सलीम अलींच्या नावाचं वटवाघूळ

डॉ. सलीम अली म्हटलं की पक्षीच आठवतात. पण तमिळनाडूच्या डोंगरात एक वटवाघूळही त्यांचं नाव घेऊन उडतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. आई-वडील लहानपणीच गेले. या यतीम मुलाला मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी सांभाळलं. दहाएक वर्षांचा असताना सलीमनं छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नाही, मग ती खाणं जायज आहे का, असा प्रश्न त्याला पडला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. तिथं कप्प्याकप्प्यांत जपून ठेवलेले पक्षी पाहून मुलगा हरखून गेला.

पुढची वाट सोपी नव्हती. विद्यापीठाची पदवी नसल्यानं हवी ती नोकरी मिळाली नाही. बर्लिनहून शिकून आले, तर मुंबईच्या संग्रहालयातली जागाही गेलेली. मग अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. संस्थानांमध्ये पक्ष्यांची पाहणी करताना ते फक्त खर्चापुरते पैसे घेत. १९३९ मध्ये पत्नी तहमीना यांचा इंतकाल झाला, तरी काम थांबलं नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं.

आता त्या वटवाघळाची गोष्ट. आजच्या थेणी जिल्ह्यातल्या मेघमलाई डोंगरात, सुमारे ७५० मीटर उंचीवर, १९४८ साली अँगस हटन या निसर्ग अभ्यासकानं ते मिळवलं. ते सोसायटीच्या संग्रहात आलं खरं, पण नेहमीचं फळखाऊ वटवाघूळ समजून त्याला चुकीचं लेबल लागलं. चोवीस वर्षं कुणाला शंका आली नाही. १९७२ मध्ये थायलंडचे किट्टी थाँगलाँग्या यांनी ते नीट तपासलं. बाहेर दिसणारी शेपूट नाही, दातही वेगळे! ही जातच नव्हे, तर तिची प्रजातीही विज्ञानाला नवी निघाली. त्यांनी नाव दिलं ‘लॅटिडेन्स सलीमअली’.

डोंगर चढत गेलं की हवा बदलते, झाडं बदलतात, फळं बदलतात; तशी वटवाघळंही बदलतात. पायथ्याशी सर्रास दिसणारी जात आणि वरच्या जंगलातली जात दिसायला सारखी असली, तरी एकच असेल असं नाही. सलीम अलींच्या नावाचं हे वटवाघूळ दक्षिणेतल्या पश्चिम घाटात मोजक्याच ठिकाणी आढळतं. दिवसा गुहेत राहतं, रात्री फळं खातं आणि जंगलात बिया पसरवतं. वन्यजीव कायद्यानं त्याला सर्वात वरच्या यादीत संरक्षण दिलं आहे. पण गुहा आणि भोवतीचं जंगल राहिलं तरच ते वाचेल.

२० जून १९८७ रोजी सलीम अली गेले. पद्मभूषण, पद्मविभूषण, राज्यसभेची खासदारकी, सगळं मिळालं. पण सुरुवात झाली होती ती एका मुलाच्या प्रश्नानं आणि तो न टाळणाऱ्या मामांमुळं. आपल्या घरातलं एखादं मूल मेलेला पक्षी किंवा वटवाघूळ पाहून काही विचारेल, तेव्हा त्याला गप्प करू नका. उत्तर येत नसेल, तर ज्याला येतं त्याच्याकडे घेऊन जा.