आयेची भाषा, साहेबाची लेखणी

मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेच्या आवारातील एका बंगल्यात १८७०च्या सुमारास एक छोटासा प्रसंग वारंवार घडत असे. दुपारच्या उकाड्यात आया किंवा घरगडी दोन गोऱ्या मुलांना देशी गोष्टी सांगून, गाणी गाऊन झोपवीत. झोप झाली की त्यांना नवे कपडे चढवले जात आणि जेवणघरात आईवडिलांकडे पाठवले जाई. दाराशी आया बजावून सांगे, की आता आत गेल्यावर इंग्रजीत बोलायचे. त्यांतील मोठा मुलगा अडखळत इंग्रजी बोलू लागे, कारण विचार करण्याची आणि स्वप्ने पाहण्याची त्याची भाषा निराळी होती. ती त्याला मनातल्या मनात भाषांतरित करावी लागे. या मुलाला पुढे, १९०७ साली, साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. इंग्रजी भाषेतील लेखकाला मिळालेले ते पहिलेच. मुलाचे नाव रडयार्ड किपलिंग.

त्याचा जन्म मुंबईतच, ३० डिसेंबर १८६५ रोजी झाला. वडील जॉन लॉकवुड किपलिंग हे शिल्पकार. कलाशाळेत वास्तुशिल्प शिकवण्यासाठी त्याच वर्षी विवाह करून ते पत्नी ॲलिससह येथे आले होते. इंग्लंडमधील ज्या तळ्याकाठी दोघांची ओळख झाली त्या तळ्याचे नाव त्यांनी मुलाला दिले. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या दर्शनी भागावर कष्टकऱ्यांची जी उठावशिल्पे दिसतात ती लॉकवुड यांचीच. कलाशाळेच्या आवारात आज किपलिंगचे जन्मस्थान म्हणून दाखवला जाणारा बंगला मात्र नंतरचा आहे. मूळ घर कधीच नाहीसे झाले.

वृद्धपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात किपलिंगने आपली पहिली आठवण नोंदवली आहे. ती कोणा माणसाची नाही, रंगांची आहे. पहाटेच्या प्रकाशात, खांद्याच्या उंचीवर रचलेली सोनेरी आणि जांभळी फळे. आयेचा हात धरून तो मुंबईच्या फळबाजारात जात असे. आया रोमन कॅथॉलिक होती. रस्त्याच्या कडेचा क्रूस दिसला की ती थांबून प्रार्थना करी आणि मुलगा शेजारी उभा राही. मीता नावाचा हिंदू घरगडी त्याला छोट्या देवळांत नेई. जातिधर्माचे नियम लागू होण्याचे त्याचे वय नव्हते, त्यामुळे तो मीताचा हात धरून मंद उजेडातील देव पाहत उभा राही. आयेला त्याने पोर्तुगीज म्हटले आहे. त्या काळच्या मुंबईतील साहेबांच्या बोलीत या शब्दाचा अर्थ काय होता, हे गोव्याच्या वाचकाला सांगायला नको. चरित्रकारही तिला बहुधा गोव्याचीच मानतात. मुळात आया हा शब्दच पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि गोव्यातून कामासाठी मुंबईला गेलेल्या बायकांनी कितीतरी गोऱ्या घरांतील मुले वाढवली. आत्मचरित्रात मीताचे नाव आहे. आयेचे नाव नाही.

हे जग १८७१ साली एका फटक्यात संपले. हिंदुस्थानात नोकरी करणाऱ्या इंग्रजांची मुले पाच-सहा वर्षांची झाली की त्यांना विलायतेत धाडण्याची रीत होती. पटकी आणि तापाची भीती खरीच होती. किपलिंग दांपत्याचे तिसरे अपत्य १८७० मध्ये जन्मानंतर लगेच दगावले होते. परंतु आणखीही एक भीती असे. मूल नोकरांत वाढले तर त्याचे बोलणे, हावभाव, सवयी देशी होतील आणि साहेब म्हणून ते कधी उभेच राहणार नाही, ही ती भीती. रडयार्ड सहा वर्षांचाही नव्हता, बहीण ट्रिक्स तीन वर्षांची होती. आईवडिलांनी त्यांना इंग्लंडला नेले, पोर्ट्समथजवळच्या साउथसी गावी वर्तमानपत्रातील जाहिरातीवरून शोधलेल्या एका घरी ठेवले आणि मुलांना काहीही न सांगता ते मुंबईला परतले. ॲलिसच्या बहिणी मोठमोठ्या घरी पडल्या होत्या. एकीचे पती एडवर्ड बर्न-जोन्स हे नामांकित चित्रकार, दुसरीचा मुलगा पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला. मुले त्यांच्याकडे का ठेवली नाहीत? नातेवाइकांवर भार नको, रुसवेफुगवे नकोत, असा विचार झाला असावा. शिवाय १८६८च्या इंग्लंडभेटीत अडीच वर्षांच्या रडयार्डच्या आरडाओरड्याने आजोळ हैराण झाले होते. कारणे काहीही असोत, न सांगता निघून जाण्याचे समर्थन करणे कठीण आहे.

साउथसीच्या त्या घराचे नाव लॉर्न लॉज. घरधनी कॅप्टन होलोवे हे जुने दर्यावर्दी. मुलाशी मायेने वागणारे तेवढे एकटेच. ते १८७४ मध्ये वारले आणि मग सारी सत्ता त्यांच्या पत्नीच्या हाती आली. बाई कडक धार्मिक होत्या. नरक म्हणजे काय, हे मुंबईच्या क्रूसाखाली आणि देवळांत उभे राहिलेल्या मुलाने प्रथम येथे ऐकले. ट्रिक्स बाईंची लाडकी झाली आणि रडयार्ड घरातील पापी ठरला. दिवसभरात त्याने काय केले याची रात्री उलटतपासणी होई. तपशिलात विसंगती सापडली की ते खोटे ठरे आणि दुसऱ्या दिवशी मार मिळे. बाईंचा मुलगा या तपासणीत सामील असे. अशा चौकशीतून सुटण्यासाठी प्रत्येक गोष्ट नीट जुळवून सांगावी लागे, आणि तोच आपल्या साहित्याचा पाया असावा, असे किपलिंगने पुढे उपरोधाने नोंदवले. उपरोध बाजूला ठेवला तरी त्यात तथ्य आहे. त्याच्या कथांतील अचूक, पटणारे तपशील जगप्रसिद्ध झाले.

वाचायला तो तेथे उशिरा आणि नाखुशीने शिकला. मग मात्र पुस्तक हाच आसरा झाला. हे बाईंच्या ध्यानात येताच पुस्तके बंद करण्याची शिक्षा सुरू झाली आणि तो चोरून, अपुऱ्या उजेडात वाचू लागला. डोळे बिघडत गेले. फळ्यावरचे दिसेना, अभ्यास मागे पडला. शाळेचा वाईट शेरा असलेला कागद त्याने फेकून दिला आणि तो मिळालाच नाही असे सांगितले. ते उघड झाल्यावर, पाठीवर तो खोटारडा असल्याची पाटी लावून त्याला साउथसीच्या रस्त्यांतून शाळेत पाठवण्यात आले. हा तपशील त्याने स्वतःच सांगितलेला आहे. काही अभ्यासकांना त्यात अतिशयोक्ती वाटते. पण ट्रिक्सने मोठेपणी लिहिलेल्या आठवणींनीही घराचे चित्र फारसे सौम्य होत नाही.

वर्षातून एक महिना, डिसेंबरात, सुटका होई. लंडनमधील बर्न-जोन्स मावशीच्या घरी रंगांचा वास, मावसभावंडे, गोष्टी आणि प्रेम असे. तेथील दारघंटेची लोखंडी साखळी त्याला इतकी प्रिय होती, की ते घर मोडल्यावर त्याने ती मागून घेतली आणि आपल्या घराच्या दाराला लावली. एवढे प्रेम करणाऱ्या मावशीला त्याने साउथसीबद्दल काहीच का सांगितले नाही? जे वाट्याला येते ते कायमचेच असते, असे मुले धरून चालतात. शिवाय गुपित फोडल्याची शिक्षा काय होईल, हेही त्यांना ठाऊक असते.

अखेर १८७७च्या वसंतात आई आली. पहिल्या रात्री ती त्याचा मुका घेण्यासाठी खोलीत वाकली, तेव्हा मुलाने थप्पड चुकवावी तसा हात आडवा धरला. सहा वर्षांचा हिशेब त्या एका हालचालीत होता. मुलांना तेथून हलवण्यात आले आणि रडयार्डला चष्मा मिळाला.

शालेय शिक्षणासाठी त्याला जानेवारी १८७८ मध्ये डेव्हनच्या किनाऱ्यावरील वेस्टवर्ड हो या गावी, युनायटेड सर्व्हिसेस कॉलेजात घालण्यात आले. बेताच्या ऐपतीच्या लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या मुलांसाठी १८७४ मध्ये काढलेली ही शाळा. बहुतेक मुले सैन्यात जाणारी. त्यांत हा जाड भिंगांचा, बुटका, खेळांत निरुपयोगी मुलगा. पहिले काही महिने दांडगाईत गेले. पण मुख्याध्यापक कॉर्मेल प्राइस हे सैनिकी वळणाचे गृहस्थ नव्हते. बर्न-जोन्स आणि विल्यम मॉरिस यांचे ते तरुणपणापासूनचे स्नेही. त्यांनी मुलाचे पाणी ओळखले. साउथसीत ज्याच्या हातून पुस्तके काढून घेतली गेली होती, त्याला प्राइस यांनी आपल्या तंबाखूच्या वासाने भरलेल्या खोलीतील ग्रंथसंग्रह मोकळा करून दिला. जुन्या दर्यावर्दींची प्रवासवर्णने, नाटके, रशियन कवींची भाषांतरे, हाताला येईल ते तो वाचत गेला. शाळेचे बंद पडलेले नियतकालिक प्राइस यांनी पुन्हा सुरू केले ते प्रामुख्याने या संपादकासाठी. डन्स्टरव्हिल आणि बेरेसफर्ड या दोन मित्रांसह केलेल्या खोड्या पुढे १८९९ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. त्याच्या शालेय कविता तर आईवडिलांनी त्याला न विचारताच १८८१ मध्ये लाहोरला खाजगीरीत्या छापून टाकल्या.

लाहोर येथे येते, कारण १८७५ मध्ये लॉकवुड तेथील मेयो कलाशाळेचे प्राचार्य आणि संग्रहालयाचे प्रमुख झाले होते. मुलाला ऑक्सफर्डला पाठवण्याइतका पैसा नव्हता आणि डोळ्यांमुळे सैन्याचा मार्ग बंद होता. वडिलांनी लाहोरच्या सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट या दैनिकात त्याची सोय लावली. ऑक्टोबर १८८२ मध्ये, वयाची सतरा वर्षेही पुरी झाली नसताना, तो मुंबई बंदरात उतरला. अकरा वर्षांनी ते वास आणि आवाज भोवती आले, आणि त्याच्या तोंडून देशी बोलीतील वाक्ये बाहेर पडू लागली. त्यांचा अर्थ त्याला स्वतःलाही कळत नव्हता. साउथसीच्या खाली दबलेली आयेची भाषा अद्याप मेली नव्हती.

लाहोरच्या कचेरीत संपादकीय माणसे दोनच, संपादक स्टीफन व्हीलर आणि हा पोरगा. दिवसाला दहा ते पंधरा तास काम. तारा तपासणे, सरकारी अहवालांचा गोषवारा काढणे, मुद्रिते वाचणे, शर्यती आणि पूल-उद्घाटनांची वार्तापत्रे लिहिणे. उन्हाळ्यात घरची मंडळी सिमल्याला जात आणि तो तापाने फणफणत एकटा छापखाना चालवी. झोप न येणाऱ्या रात्री तो जुन्या शहराच्या गल्ल्यांत फिरे. दारूची दुकाने, अफूचे अड्डे, मशिदीच्या पायऱ्या असे सारे पाहत पहाटे परते. गोऱ्या वस्तीतील फार थोडे लोक त्या गल्ल्यांत पाऊल टाकीत.

मात्र संध्याकाळी जेवायला तो पंजाब क्लबातच जाई आणि त्याच्या लेखनाचा पेच येथेच आहे. १८८३ मध्ये इल्बर्ट विधेयक आले. हिंदी न्यायाधीशांना गोऱ्या आरोपींचे खटले चालवण्याचा अधिकार देणाऱ्या या विधेयकावर गॅझेटने आधी टीका केली आणि मग सूर बदलून त्याला अनुकूलता दाखवली. त्या संध्याकाळी सतरा वर्षांचा किपलिंग क्लबात शिरताच सर्वांनी तोंडाने फूत्कार करून त्याचा धिक्कार केला. मुलगा पगार मिळतो ते काम करतो आहे, असे सांगून एकाने तो गोंधळ थांबवला. अग्रलेख त्याने लिहिला नव्हता. पण आपले लोक कोण आणि त्यांच्या मर्जीबाहेर गेल्यास काय होते, हा धडा त्याला मिळाला. मंडळीतून बाहेर टाकले जाण्याची धास्ती साउथसीने आधीच त्याच्या अंगात भिनवली होती. एवढ्या एका प्रसंगाने माणसाचे राजकारण ठरते असे नव्हे. तरी क्लबाविरुद्ध जाणारा किपलिंग त्यानंतर क्वचितच दिसतो.

व्हीलर यांच्या जागी १८८६ मध्ये के रॉबिन्सन आले आणि अंकात गोष्टींना जागा मिळाली. त्याच वर्षी त्याने कारकुनी जगावरच्या विनोदी कविता सरकारी लखोट्याच्या आकारात छापून, लाल फीत बांधून विकल्या. गॅझेटातील छोट्या कथांचे पुस्तक जानेवारी १८८८ मध्ये कलकत्त्याला निघाले. त्यातच मुहम्मद दीनची गोष्ट आहे. खिदमतगाराचे लहानगे पोर साहेबाच्या बागेत धुळीचे महाल रचते आणि तापाने मरते, एवढीच ती गोष्ट. पण तीन-चार पानांत तिने जे साधले आहे, ते त्याच्या अनेक गाजलेल्या साहसकथांना साधलेले नाही. मुले, नोकर, शिपाई, फकीर यांच्याविषयी लिहिताना त्याची लेखणी मऊ होते. तोच हिंदी माणूस इंग्रजी शिकून, कोट घालून समान हक्क मागू लागला की ती खवचट होते. अलाहाबादला १८८८च्या डिसेंबरात काँग्रेस भरली, तेव्हा किपलिंग त्याच शहरात पायोनियर या पत्रात होता, आणि तेथे जमलेल्यांबद्दल त्याच्याजवळ चेष्टेखेरीज काही नव्हते.

अलाहाबादचे ते वर्ष लेखनाच्या दृष्टीने अफाट होते. रेल्वे स्थानकांवर पुस्तकविक्री करणाऱ्या ए. एच. व्हीलर कंपनीने त्याच्या कथांची सहा पुस्तके प्रत्येकी एक रुपया किमतीला काढली. मुखपृष्ठे वडिलांची. प्रवासी ती विकत घेऊन गाडीत वाचीत आणि विलायतेला जाताना सोबत नेत, त्यामुळे लेखकाआधी त्याचे नाव लंडनला पोहोचले. त्यांतील एका संग्रहात त्याने साउथसीची कथा लिहिली, दोन मुलांना न सांगता परक्या घरी टाकून जाणाऱ्या आईवडिलांची. ज्या घरी तो तेव्हा राहत होता तेथील यजमानीणबाईंनी, ती लिहिताना तो किती संतापला होता, हे नोंदवून ठेवले आहे. ती वाचून लाहोरला आईवडिलांना फार लागले.

मार्च १८८९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने हिंदुस्थान सोडला. ब्रह्मदेश, जपान, अमेरिका असा फेरा घेऊन तो लंडनला गेला आणि वर्षभरात तेथील सर्वाधिक चर्चेतला लेखक झाला. आईवडिलांना भेटायला तो आणखी एकदाच आला, १८९१च्या अखेरीस. लाहोरला नाताळ जेमतेम झाला असेल नसेल, तोच एका जिवलग मित्राच्या निधनाच्या बातमीमुळे त्याला परत फिरावे लागले. बोट मुंबईहून सुटणार होती. तेथे त्याची आया त्याला भेटली. ती खूप म्हातारी झाली होती, तरी त्याला जशीच्या तशी वाटली. तिने रडत रडत त्याला आशीर्वाद दिले. त्यानंतर १९३६ साली मृत्यू येईपर्यंत किपलिंग हिंदुस्थानात पुन्हा कधीही आला नाही.