बंदुकीच्या नळ्या कापून वाद्य बनवलं आणि साथीत अनाथ झालेल्या पोरांचा बँड उभा केला...

मुंबईहून अलाहाबादकडे जाणारी गाडी जबलपूर, कटनी मागे टाकते आणि मैहर येतं. बहुतेक लोक इथे उतरतात ते शारदा मातेसाठी, हजारावर पायऱ्या चढायला. पण याच गावात भारतातला एक अफलातून बँड जन्माला आला. तो उभा करणारा माणूस म्हणजे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ.

आज त्यांची ओळख रविशंकर, अली अकबर खाँ आणि अन्नपूर्णा देवी यांचे गुरू अशी सांगितली जाते. ती बरोबरच आहे, पण त्या नादात बँडची गोष्ट मागे पडते.

अल्लाउद्दीन खाँ मूळचे आजच्या बांगलादेशातल्या ब्राह्मणबाडिया भागातले. लहान वयात गाण्याच्या वेडापायी घर सोडलं आणि कोलकाता गाठलं. तिथे गाणं शिकले, गुरू वारल्यावर गाणं सोडून वाद्यांकडे वळले. पोटासाठी नाटक कंपन्यांच्या वाद्यवृंदात वाजवायचे. व्हायोलिन शिकले ते लोबो नावाच्या एका गोवेकर बँडमास्टरकडून. दहा वाद्यं एकत्र कशी बांधायची, कुणी कुठे थांबायचं, हे त्यांनी याच काळात जवळून पाहिलं. पुढे रामपूरला तानसेनाच्या परंपरेतले वझीर खाँ गुरू म्हणून मिळावेत यासाठी ते नवाबाच्या गाडीपुढे आडवे झाले, असा किस्सा सांगतात.

1918 च्या सुमारास मैहरचे राजे ब्रिजनाथ सिंह यांनी त्यांना दरबारात आणलं. राजे स्वतः त्यांचे शिष्य झाले.

आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली. गावंच्या गावं आजारी पडली. आईबाप गेलेली पोरं मैहरमध्ये मागे उरली. या पोरांचं करायचं काय? अल्लाउद्दीन खाँनी त्यांच्या हातात वाद्यं दिली.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. मुलांच्या घरात ना गाणं, ना अक्षरओळख. शिवाय आपलं शास्त्रीय संगीत मुळात एकट्या कलाकाराचं. राग तिथल्या तिथे फुलवायचा असतो, मग पंधरा-वीस जणांनी तो एकत्र फुलवायचा कसा? बाबांनी रस्ता काढला. रागाच्या बंदिशी आधीच पक्क्या बांधल्या आणि प्रत्येकाकडून त्या पाठ करून घेतल्या. सतार, सरोद, इसराज, हार्मोनियम यांच्या शेजारी व्हायोलिन आणि चेलो बसवले. सतार-बँजोसारखी नवी वाद्यंही घडवली.

सगळ्यात भारी वाद्य होतं नलतरंग. जुन्या बंदुकांच्या नळ्या वेगवेगळ्या लांबीच्या कापल्या, सुरात लावल्या आणि जलतरंगासारख्या काड्यांनी वाजवल्या!

बाबा तापट होते, चूक झाली की मार बसायचा. आज हे वाचताना खटकतं, आणि खटकायलाच हवं. पण ज्या मुलांना विचारणारं कुणी नव्हतं, ती दरबारी कलाकार झाली हेही खरं. पं. विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने लखनौला भरलेल्या संगीत परिषदेत देशभरातल्या जाणकारांपुढे मैहर बँड वाजला.

बाबांची ही विद्या शिष्यांनीही उचलली. तिमिर बरन यांनी उदयशंकर यांच्या नृत्यपथकाचा वाद्यवृंद सांभाळला. 1935 मध्ये खुद्द बाबा उदयशंकर यांच्याबरोबर युरोपला गेले. त्याच पथकातला एक कोवळा पोरगा पुढे मैहरला शिकायला आला, तो रविशंकर. 1949 नंतर दिल्ली आकाशवाणीवर त्यांनी वाद्यवृंद उभा केला. मुलगी अन्नपूर्णा देवी पुढे मुंबईत राहिल्या आणि तिथेच त्यांनी हरिप्रसाद चौरसियांना घडवलं.

संस्थानं विलीन झाली तेव्हा बँडचा राजाश्रयही गेला. नंतर सरकारने त्याला आधार दिला आणि बँड तगला. बाबा मात्र मैहर सोडून गेले नाहीत. पाच वेळचे नमाजी असलेले बाबा शारदा मातेचेही निस्सीम भक्त होते. 1958 मध्ये पद्मभूषण आणि 1971 मध्ये पद्मविभूषण मिळालं. 6 सप्टेंबर 1972 रोजी मैहरमध्येच त्यांचं निधन झालं.

मैहरमध्ये आजही त्यांच्या नावाने दरवर्षी संगीत समारोह भरतो आणि मैहर वाद्यवृंद त्यांनी बांधलेल्या रचना वाजवतो. त्या नळ्यांवर अजूनही काड्या पडतात.